जहाज कोरड्यावर येते तेव्हा

मोटार बिघडली की मेकॅनिक ती जॅकवर उचलतो आणि खाली शिरून तपासतो. रेल्वेचे इंजिन खालून तपासायचे असेल तर ते रुळांमधील खड्ड्यावर उभे करतात. पण १०० मीटर लांबीच्या, हजारो टन वजनाच्या पोलादी जहाजाचा तळ कसा तपासायचा? जहाजाचा हा भाग कायम पाण्याखाली असतो. खाऱ्या पाण्याने तो गंजतो, त्याच्यावर समुद्रातील जीव घर करतात आणि जहाजाचा प्रोपेलर व सुकाणूही तेथेच असतात. म्हणजे ज्या भागाची सर्वांत अधिक झीज होते, तोच भाग कोणाच्या नजरेस पडत नाही.

हा प्रश्न वर्गात विचारला की विद्यार्थी प्रचंड क्रेनपासून रॉकेटपर्यंत नाना युक्त्या सुचवतात. खरी युक्ती फार साधी आहे. जहाज पाण्यातून बाहेर काढायचे नाही. जहाजाखालचे पाणी काढून घ्यायचे! यासाठी बांधलेल्या हौदाला ‘सुकी गोदी’ म्हणतात. ही युक्ती सांगायला सोपी असली तरी ती अमलात आणताना भौतिकशास्त्राचे कितीतरी नियम एकाच वेळी कामाला लागतात आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले तर माणसे प्राणाला मुकतात. जुन्या जहाजाच्या बाबतीत तर आणखी एक प्रश्न उभा राहतो: या जहाजाला पुन्हा समुद्रावर पाठवायचे की नाही? या प्रश्नाचे उत्तरही सुक्या गोदीतच मिळते.

समुद्रावरील प्रयोगशाळा

आपल्या देशाच्या समुद्रविज्ञानाचा इतिहास हा बराचसा काही मोजक्या जहाजांचा इतिहास आहे. गोव्यातील दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. या संस्थेकडे १९७६ साली ‘गवेषणी’ हे जहाज आले. २६ जानेवारी १९८१ रोजी याच जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून मँगनीज, तांबे, निकेल, कोबाल्ट हे धातू असलेले गोटे प्रथम वर काढले. पुढे नव्वदीच्या दशकात गवेषणी निवृत्त झाले.

त्यापूर्वीच, १९८३ साली, पश्चिम जर्मनीत बांधलेले ‘सागर कन्या’ हे मोठे जहाज आपल्या ताफ्यात दाखल झाले होते. त्याची लांबी सुमारे १०० मीटर, रुंदी सुमारे १६ मीटर आणि पाण्याखाली बुडणारी खोली सुमारे साडेपाच मीटर. आपण पुणेकर समुद्रापासून दूर असलो तरी या जहाजाशी आपला संबंध आहे. १९९९ च्या पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर मॉन्सूनचा अभ्यास करणारी ‘बॉबमेक्स’ ही मोहीम पार पडली. सागर कन्या त्या मोहिमेत होते आणि पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञही तिच्यात सहभागी होते. समुद्रावर ढग कसे जमतात, पाण्यातील उष्णता हवेत किती जाते, हे किनाऱ्यावर बसून मोजता येत नाही. आपल्या शेतकऱ्याच्या पावसाचा अंदाज काही अंशी अशा जहाजावरील तापमापकांवर अवलंबून असतो.

२०२३ साली सागर कन्या चाळीस वर्षांचे झाले. पोलादी जहाजाच्या दृष्टीने हे वय बरेच झाले. मालवाहू जहाजे बहुधा पंचवीस-तीस वर्षांत मोडीत निघतात. संशोधन जहाजांना मात्र बदली जहाज चटकन मिळत नाही. नव्या संशोधन जहाजासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्याशी करार झाला तो २०२४ साली. तोपर्यंत आणि नवे जहाज तरंगेपर्यंत जुन्यालाच जपायचे, म्हणजेच त्याला वेळोवेळी सुक्या गोदीत न्यायचे, हे ओघानेच आले. मालवाहू जहाजांसाठी तर आंतरराष्ट्रीय नियमच आहे: पाच वर्षांत दोनदा तळाची तपासणी झाली पाहिजे आणि दोन तपासण्यांत ३६ महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये.

ओहोटीची मदत

कोकणातील कोळी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, तळ खरवडतात, फटी बुजवतात आणि होडी शाकारून ठेवतात. सुकी गोदी म्हणजे हीच रीत मोठ्या प्रमाणावर. मुंबईत पहिली सुकी गोदी १७५० च्या सुमारास उभी राहिली. सुरतेहून आलेले जहाजबांधणी-कारागीर लवजी नसरवानजी वाडिया यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. मुंबईची जागा या कामाला फार सोयीची होती. येथे उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे, ओहोटीत पाणी आपोआप बाहेर जाऊ द्यायचे आणि मग दरवाजे बंद करायचे. बरेचसे पाणी चंद्र-सूर्याच्या आकर्षणानेच उपसले जाई! वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजे इतकी टिकाऊ होती की १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाहायला मिळते.

आजच्या गोद्यांत पाणी पंपांनी उपसतात. मुंबईच्या इंदिरा गोदीलगतची, १९१४ साली सुरू झालेली ‘ह्यूजेस’ सुकी गोदी ३०४.८ मीटर लांब आणि ३०.४८ मीटर रुंद आहे. समजा तीत १० मीटर पाणी आहे. तर ते सुमारे ९३ हजार घनमीटर भरेल. येथे एक गंमत लक्षात घ्या. गोदीत जहाज असेल तर उपसावे लागणारे पाणी कमी होते. जहाज जितके जड, तितके पाणी कमी! असे का, याचे उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते.

याच तत्त्वाने जहाजाचे वजनही अदमासे काढता येते. १०० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि साडेपाच मीटर खोल अशा पेटीचे घनफळ ८,८०० घनमीटर होते. परंतु जहाज दोन्ही टोकांना निमुळते आणि खाली गोलसर असते. म्हणून त्याने व्यापलेली जागा पेटीच्या साधारण ५५ ते ६० टक्के, म्हणजे सुमारे ५,००० घनमीटर धरू. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचे वस्तुमान १,०२५ किलोग्रॅम असते. म्हणजे भरलेल्या जहाजाचे वजन झाले सुमारे ५,००० टन. गोदीत नेण्यापूर्वी इंधन व गोडे पाणी शक्य तितके कमी करतात. समजा, ते ४,००० टनांवर आणले.

एका सेंटिमीटरला बारा टन

गोदीच्या तळावर, मधल्या रेषेत, ठोकळ्यांची एक रांग मांडलेली असते. ठोकळे काँक्रीटचे किंवा पोलादाचे असतात आणि वर जाड लाकूड बसवलेले असते. जहाजाच्या तळाशी मधोमध, पाठीच्या कण्यासारखी जी ‘कील’ असते ती या रांगेवर टेकायची असते. दोन्ही बाजूंना आणखी ठोकळे असतात. ते जहाजाला कलंडू देत नाहीत. प्रत्येक ठोकळ्याची जागा आणि उंची जहाजाच्या नकाशावरून आधी ठरवलेली असते. कारण जहाजाचा पत्रा सगळीकडे सारखा मजबूत नसतो. आतून जेथे आडव्या भिंती किंवा फासळ्या असतात तेथेच तो भार पेलू शकतो.

वर लाकूड कशासाठी? ४,००० टनांचे जहाज ५५ ठोकळ्यांवर टेकले तर प्रत्येकावर सरासरी ७० टनांहून अधिक भार येतो. पोलादावर पोलाद ठेवले आणि एखादा ठोकळा चार-पाच मिलिमीटर उंच राहिला, तर शेजाऱ्यांचा भारही त्याच्यावरच पडेल. लाकूड किंचित दबते आणि भार सर्वांत वाटला जातो. बैलगाडीच्या जुवाखाली गादी ठेवतात त्यातलाच हा प्रकार.

आता पाणी उपसायला सुरुवात झाली. जोवर जहाज तरंगत असते तोवर ते पाण्याबरोबर खाली उतरते. कील ठोकळ्यांवर टेकली की मात्र चित्र बदलते. यापुढे पाणी जितके उतरेल तितके प्लावक बल कमी होईल आणि तेवढाच भार ठोकळ्यांवर जाईल. तो किती? पाण्याच्या पातळीवर जहाजाचा आडवा छेद सुमारे १,२०० चौरस मीटर आहे असे धरा. पाणी एक सेंटिमीटर उतरले की १२ घनमीटर पाण्याचा आधार गेला. म्हणजे १२ टन भार ठोकळ्यांवर आला. एका सेंटिमीटरला तीन मोठे हत्ती!

खरा धोका येथेच आहे. समुद्रात जहाज एका बाजूला कलले तर त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो, प्लावक बल त्या बाजूला सरकते आणि जहाजाला पुन्हा उभे करते. पाणी हा जहाजाचा आधार आहे, तसाच तोल सावरणारा हातही आहे. जहाज बहुधा मागच्या टोकाकडे थोडे अधिक बुडालेले असते. त्यामुळे कीलचे मागचे टोक आधी टेकते आणि पुढचे टोक अजून तरंगत असते. जो भार ठोकळ्यावर गेला तो जहाजाच्या अगदी बुडाशी, एका अरुंद रेषेवर पेलला जातो. ही रेषा जहाज सावरायला काहीच मदत करीत नाही. तबक कडेवर उभे करून पाहा म्हणजे कल्पना येईल. ठोकळ्यावरचा भार वाढत जातो तसतशी पाण्याची सावरण्याची शक्ती घटत जाते. ती संपण्यापूर्वी संपूर्ण कील टेकली पाहिजे आणि बाजूचे ठोकळे भिडले पाहिजेत. म्हणून गोदीचा प्रमुख हे सगळे गणित आधी कागदावर मांडतो आणि मगच पंप सुरू करायला सांगतो.

या गणितात टाक्यांतील द्रवाचाही विचार करावा लागतो. पाण्याने अर्धी भरलेली परात उचलून चालून पाहा. जरा कल आला की सगळे पाणी खालच्या बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. म्हणून गोदीत जाताना जहाजाच्या टाक्या शक्यतो पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या ठेवतात.

जहाज बाहेर काढताना हेच सर्व उलट क्रमाने घडते आणि धोकाही तितकाच असतो. दुरुस्तीच्या काळात यंत्रे काढलेली असतात, पत्रे बदललेले असतात, वजने इकडची तिकडे झालेली असतात. त्यामुळे गुरुत्वमध्य पूर्वीच्याच जागी आहे असे गृहीत धरून चालत नाही. ५ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘बेतवा’ ही १२६ मीटर लांबीची युद्धनौका सुक्या गोदीतून बाहेर काढली जात असताना एका बाजूला कलंडली. दोन नौसैनिक मृत्युमुखी पडले, चौदा जण जखमी झाले. ठोकळ्यांची यंत्रणा निकामी झाल्याचे दिसते, असे नौदलाने त्या वेळी सांगितले होते. नौका पुन्हा सरळ उभी करायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. भर समुद्रातील वादळे सोसणारे जहाज बंदराच्या संथ पाण्यात आडवे होऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

तळावरचे पाहुणे

पाणी संपूर्ण उपसले की तळ दिसू लागतो. त्यावर शेवाळ, नळीत राहणारे कृमी, कालवे आणि बार्नॅकल यांचा थर बसलेला असतो. बार्नॅकल हा दिसायला शिंपल्यासारखा, पण नात्याने खेकडा-कोळंबीचा भाऊ. चार्ल्स डार्विनने या प्राण्यावर आठ वर्षे खर्ची घातली होती! तो एकदा चिकटला की जन्मभर जागा सोडत नाही.

या पाहुण्यांचा उपद्रव वजनामुळे होत नाही, तर खडबडीतपणामुळे होतो. गुळगुळीत तळावरून पाणी सहज सरकते. खडबडीत तळाजवळ भोवरे निर्माण होतात आणि त्यांत इंजिनाची ऊर्जा वाया जाते. कठीण कवचांचे दाट आवरण असेल तर तोच वेग ठेवण्यासाठी दीडपटीहून अधिक शक्ती लागू शकते. म्हणून जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने तळ धुतात, खरवडतात आणि जीवांना चिकटू न देणारा रंग लावतात. या रंगातून तांब्याची संयुगे हळूहळू पाण्यात विरघळत राहतात. एके काळी त्यात कथिलाची एक सेंद्रिय संयुगे वापरीत. ती फारच परिणामकारक होती. इतकी की बंदरांतील निरपराध शंखांच्या माद्यांमध्ये नराची लक्षणे दिसू लागली आणि त्यांचे प्रजनन थांबले. २००८ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्या रंगांवर बंदी घातली.

जस्ताचे बलिदान

रंगाखाली दुसरा शत्रू असतो, तो म्हणजे गंज. लोखंड गंजणे ही एक विद्युत् क्रिया आहे. पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात जातात, ते धनाग्र. दुसऱ्या जागी पाण्यातील ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो, ते ऋणाग्र. खारे पाणी विजेचे सुवाहक असल्याने हे मंडल सहज पूर्ण होते. त्यात जहाजाचा प्रोपेलर बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचा असतो. तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी आले की एक मोठा विद्युत् घटच तयार होतो आणि त्यात झिजते ते लोखंड.

यावर उपाय म्हणजे लोखंडापेक्षाही सहज इलेक्ट्रॉन सोडणारा धातू त्याला जोडायचा. म्हणून तळावर, विशेषतः मागच्या बाजूला, जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे बसवतात. जस्त झिजते, पोलाद वाचते. किती जस्त लागेल? समजा, संपूर्ण तळाच्या रक्षणासाठी २० अँपिअर प्रवाह लागतो. एका वर्षात सुमारे ३.१५ कोटी सेकंद असतात. म्हणजे विद्युत्भार झाला सुमारे ६३ कोटी कूलोम. फॅरडेच्या नियमानुसार ६५ ग्रॅम जस्तापासून १,९३,००० कूलोम मिळतात. गणित करा, वर्षाला दोनशे किलोग्रॅमहून अधिक जस्त लागेल. तेव्हा गोदीत आलेल्या जहाजावर झिजून सांगाड्यासारखे झालेले जस्ताचे ठोकळे दिसले तर ते चांगले लक्षण समजावे. ते जसेच्या तसे राहिले असतील तरच काळजी करावी!

ही कल्पना हम्फ्री डेव्ही यांची. १८२४ साली त्यांनी जहाजांच्या तळावरील तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. हा प्रयोग ज्या ‘समरंग’ जहाजावर झाला ते आपल्याच कोचीनला बांधलेले होते. तांबे खरोखरच वाचले. पण एक अनपेक्षित गोष्ट घडली. तांबे विरघळेनासे झाले, त्यामुळे त्याचे विषही पाण्यात उतरेनासे झाले आणि तळावर बार्नॅकलची गर्दी झाली. एक प्रश्न सोडवताना दुसरा उभा राहणे हे तंत्रज्ञानात नेहमीचेच आहे.

मिलिमीटरचा निवाडा

रंग आणि जस्त असूनही काही झीज होतेच. उघडे पोलाद समुद्राच्या पाण्यात वर्षाला सरासरी एक दशांश मिलिमीटर झिजते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण चाळीस वर्षांत तो चार मिलिमीटर होतो आणि जहाजाचा पत्रा मुळात दहा-बारा मिलिमीटरच जाड असतो. शिवाय झीज सगळीकडे सारखी नसते. कोठे कोठे खोल खळगे पडतात.

पूर्वी तपासनीस हातोडीने पत्रा ठोकून पाहत. मडके घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो तसेच हे. आता श्राव्यातीत ध्वनी वापरतात. पेनाएवढ्या उपकरणाने ध्वनीचा एक ठोका पत्र्यात सोडायचा; तो पलीकडच्या पृष्ठावरून परावर्तित होऊन परत येतो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. १२ मिलिमीटरच्या पत्र्यातून जाऊन-येऊन २४ मिलिमीटर अंतर कापायला त्याला सुमारे ४.१ मायक्रोसेकंद लागतात. तेथे ३.३ मायक्रोसेकंद भरले तर पत्रा ९.६ मिलिमीटर उरला आहे असे समजायचे. म्हणजेच जाडीचा पाचवा हिस्सा गेला.

पाचवा हिस्सा गेला म्हणजे ताकदही पाचव्या हिश्शानेच कमी झाली का? नाही. पत्र्याची वाकवणाऱ्या बलाला तोंड देण्याची क्षमता जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ०.८ चा वर्ग ०.६४, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक क्षमता गेली. ताठपणा तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो, ०.८ चा घन सुमारे ०.५१. ताठपणा जवळजवळ निम्मा झाला! म्हणूनच साधारण वीस ते पंचवीस टक्के झीज झाली की पत्र्याचा तेवढा तुकडा कापून नवा जोडण्याचा विचार करावा लागतो. जहाजाचे वय वाढते तसे जास्तीत जास्त ठिकाणी जाडी मोजावी, असा जहाजांची वर्गवारी करणाऱ्या संस्थांचा दंडक आहे. आपल्याकडे हे काम करणारी ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही संस्था १९७५ साली मुंबईत स्थापन झाली. नव्या रंगाने चकाकणारे जहाज आतून पोखरलेले असू शकते आणि कळकट दिसणारे जहाज आणखी दहा वर्षे चालू शकते. निवाडा डोळ्यांनी होत नाही, मापाने होतो.

गंज हवाही खातो

तपासणी बाहेरून संपत नाही. जहाजाच्या दुहेरी तळात अनेक बंद टाक्या असतात आणि कोणीतरी त्यांत उतरावेच लागते. येथे एक अदृश्य संकट दबा धरून बसलेले असते. लोखंड गंजते तेव्हा ते ऑक्सिजन घेते. एक किलोग्रॅम लोखंड पूर्ण गंजायला सुमारे ४३० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. एक घनमीटर हवेत ऑक्सिजन असतो सुमारे २८० ग्रॅम. म्हणजे किलोभर लोखंड दीड घनमीटर हवेतील सारा ऑक्सिजन संपवते. ३० घनमीटरची टाकी महिनोन्‌महिने बंद राहिली आणि तिच्या भिंतींचे जेमतेम पाच किलोग्रॅम लोखंड गंजले, तरी आतील ऑक्सिजन पाव हिश्शाने घटतो. २१ टक्क्यांचा १६ टक्क्यांच्या आसपास येतो. त्या हवेला वास नाही, रंग नाही. आत उतरलेल्या माणसाला भोवळ येते, तो पडतो आणि त्याला वाचवायला धावलेला दुसराही पडतो. आपल्याकडे जुन्या विहिरीत किंवा गटारात उतरलेल्यांच्या अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. म्हणून टाकी आधी पंख्याने हवेशीर करायची, उपकरणाने ऑक्सिजन मोजायचा आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवूनच आत शिरायचे, असा नियम आहे. विहिरीत दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत येथे मुळीच चालत नाही. टाकीत तेलाची वाफ असेल तर त्या दिव्यानेच स्फोट होईल.

जहाजाचे कान

येथवरचे सर्व काही कोणत्याही पोलादी जहाजाला लागू आहे. संशोधन जहाजाची आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या तळात ध्वनी सोडणारी व प्रतिध्वनी ऐकणारी उपकरणे बसवलेली असतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर; म्हणजे ५,००० मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी यायला सुमारे ६.७ सेकंद लागतात. या उपकरणांच्या तोंडावर बार्नॅकल बसले किंवा खडबडीत तळामुळे पाण्याचे बुडबुडे त्यांच्यासमोरून जाऊ लागले, तर जहाज बहिरे होते.

सुकी गोदी ही या उपकरणांची नेमकी जागा आणि कोन मोजण्याचीही संधी असते. समजा, तिरकस जाणाऱ्या ध्वनिशलाकेचा कोन अंशाच्या फक्त एक दशांशाने चुकीचा धरला. पाच किलोमीटर बाजूला असलेल्या बिंदूची खोली त्यामुळे जवळजवळ नऊ मीटरने चुकेल. म्हणजे नकाशावर तीन मजली टेकाड उगवेल किंवा नाहीसे होईल! यंत्रांचा खडखडाटही ऐकण्याच्या आड येतो, म्हणून दांड्याचे झिजलेले आधार बदलणे, प्रोपेलरच्या पात्यांच्या कडा नीट करणे ही कामे येथे केवळ डागडुजी राहत नाहीत. ती मोजमापाच्या अचूकतेचाच भाग होतात.

जुन्या जहाजाला गोदीत न्यायचे म्हणजे मोठा खर्च आला आणि त्या काळातील निरीक्षणांवर पाणी सोडणे आले. मॉन्सूनचा एखादा हंगाम हुकला तर तो पुन्हा येत नाही. उलट, तपासणी पुढे ढकलली तर जहाजावरील माणसांचे प्राण एका पत्र्याच्या जाडीवर टांगलेले राहतात. या दोन्हींतून वाट काढायला कोणतेही एकच सूत्र नाही. पण एवढे खरे की हा निर्णय घेणाऱ्याच्या हाती जहाजाच्या अंगप्रत्यंगाची मोजलेली जाडी असावी लागते. जहाजाच्या लौकिकाने किंवा त्याच्यावरील प्रेमाने काम भागत नाही. तुमच्यापैकी कोणी पुढे लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ केंद्रात नौदल-अभियंता होईल, कोणी गोव्यात समुद्रशास्त्रज्ञ होईल. शाळेत शिकलेले आर्किमिडीज आणि फॅरडे तेथे तुमची वाट पाहत असतील.

करून पाहा

१. एका रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडी ओली वाळू घालून ती आडवी करा. बाटलीच्या खालच्या बाजूस, लांबीच्या दिशेने, एक फूटपट्टी कडेवर उभी चिकटवा. ही झाली कील. बाटली टबात तरंगू द्या. आता रबरी नळीने पाणी हळूहळू काढा. बाटली नेमकी केव्हा कलंडते ते पाहा. पाणी पूर्ण संपल्यावर की त्याआधीच? पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना खोडरबरांचे आधार ठेवून पाहा.

२. तीन ग्लासांत मिठाचे पाणी घ्या. एकात नुसता लोखंडी खिळा, दुसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला आणि तिसऱ्यात जस्ताची पट्टी गुंडाळलेला खिळा ठेवा. आठवडाभर रोज निरीक्षण करून वहीत नोंद करा. कोणता खिळा आधी गंजला आणि कोणता वाचला? जस्ताच्या पट्टीचे काय झाले?